प्रसाद घेतलेल्या हातातली कट्यार

१७०८ साली बादशहा बहादूरशाह आपला सावत्र भाऊ कामबक्ष याचं बंड मोडायला दक्षिणेत उतरला. त्याच्या छावणीबरोबर आलेले शिखांचे गुरू गोविंदसिंह नांदेडला गोदाकाठी थांबले. रोज संध्याकाळी दरबार भरे, रहरास या सायंप्रार्थनेचा पाठ होई. यायला कुणालाच मज्जाव नव्हता. मारेकरी शिरला तो याच उघड्या दारातून.

सेनापती या कवीने घटनेनंतर अवघ्या काही वर्षांत ‘श्री गुरसोभा’ लिहिला. त्यात ती संध्याकाळ आहे. पठाण येऊन बसला. गुरूंनी त्याला प्रसाद दिला, तो त्याने खाल्ला. गुरू विसाव्याला आडवे झाले, जवळच्या सेवकाला डुलकी लागली, आणि कट्यार बाहेर आली. गुरूंनी उठून त्याला तिथेच तलवारीने आडवा केला. बाहेरचा साथीदार शिखांच्या हातून मेला.

परंपरा नावं सांगते जमशेदखान आणि वासिल बेग. पाठवणारा म्हणून बोट दाखवते सरहिंदचा फौजदार वझीरखान याच्याकडे. गुरूंच्या दोन धाकट्या मुलांना भिंतीत चिणून मारण्याचा हुकूम त्याचाच. गुरूंची बादशहाशी जवळीक वाढलेली पाहून त्याला आपल्या मानेची काळजी वाटू लागली असणार. काही ग्रंथ जुन्या वैयक्तिक वैराची कथा देतात. मला ती पटत नाही. गुरू गेले तर पंथ निर्नायक होईल, हा हिशेब सत्तेचा आहे.

जखम शिवली गेली, भरत आली. पण काही दिवसांनी एक कडक धनुष्य ओढताना टाके उसवले, असं परंपरा सांगते. ७ ऑक्टोबर १७०८ रोजी गुरू निवर्तले.

नांदेडचा हा वार दहशतीचाच होता. ‘दहशत’ हे राजकारणाचं हत्यार म्हणून युरोपात गाजलं ते फ्रेंच राज्यक्रांतीत, १७९३-९४ मध्ये. रीत मात्र त्याहून कितीतरी जुनी. पहिल्या शतकात जेरुसलेमच्या सणाच्या गर्दीत ‘सिकारी’ नावाचे ज्यू मारेकरी अंगरख्याखाली आखूड सुरी लपवून फिरत. १०९२ मध्ये सेल्जुकांचा वजीर निजाम-उल-मुल्क सूफीच्या वेशात आलेल्याच्या सुरीने मेला. सगळीकडे विश्वासाच्या आडून वार, आणि एकाला मारून हजारांना धाक.

नांदेडात तो धाक बसला नाही. गुरूंनी जाण्याआधी गुरुगद्दी ग्रंथसाहिबाला दिली. यापुढे कट्यारीने संपेल असा देहधारी गुरूच उरला नाही. याहून खंबीर उत्तर मला इतिहासात ठाऊक नाही.

दुसरं उत्तर तलवारीचं होतं. गोदाकाठचा बैरागी माधोदास गुरूंच्या हातून बंदासिंह झाला, पंजाबात गेला. मे १७१० मध्ये छप्पर चिरीच्या लढाईत वझीरखान मारला गेला. पाठोपाठ सरहिंद लुटलं गेलं, आणि त्यात ज्यांनी काही केलं नव्हतं तेही भरडले गेले.

सूडात निरपराध भरडले जाणं मराठवाड्याने पुन्हा पाहिलं. निजामाच्या हैदराबाद राज्यातल्या रझाकार या सशस्त्र संघटनेचा म्होरक्या कासिम रझवी लातुरात वकिली करायचा. त्याच्या टोळ्यांनी गावंच्या गावं जाळली, लुटली. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात तो काळ अजून येतो. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्याच्या पोलीस अ‍ॅक्शनने निजामाचं राज्य संपवलं. त्यानंतर लातुरात वीस दिवसांहून अधिक काळ मुसलमानांची कत्तल चालली. तिथल्या सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी चौकशीला आलेल्या सुंदरलाल समितीला जेमतेम तीन हजार आढळले. हजारावर मारले गेले होते, बाकीचे जीव घेऊन पळाले होते. रझाकारांचे अत्याचार आपण दर १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, आठवतो, ते आठवलेच पाहिजेत. हे वीस दिवसही त्याच इतिहासात लिहिले पाहिजेत.

नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात गेलात तर संध्याकाळपर्यंत थांबा. रहरासनंतर गुरूंची शस्त्रं संगतीला दाखवतात. दर्शनाला आलेल्याची जात किंवा धर्म तिथे आजही कुणी विचारत नाही.