उजेड आणि शरीर (लेखांक ६) : दिसणं वेगळं, उजेड कळणं वेगळं

रात्री डोळ्यांत उजेड गेला की पिनिअल ग्रंथीतून पाझरणारं मेलाटोनिन हे संप्रेरक घटतं, इथवर आपण गेल्या आठवड्यात आलो. मग ज्या स्त्रीच्या डोळ्यांना उजेड कळतच नाही, तिचं काय?

१९८७ मध्ये अमेरिकेतल्या रिचर्ड स्टीव्हन्स यांनी शंका मांडली, की विजेच्या दिव्यांनी रात्रीचा काळोख हटला आणि वाढत्या स्तनाच्या कर्करोगामागे तेही एक कारण असावं. मेलाटोनिन कमी झालं की इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा जोर वाढतो, असा तर्क. पण हे पडताळायचं कसं? दिव्याशिवाय राहणाऱ्या बायका आता शोधायच्या कुठे? म्हणून संशोधक अंध स्त्रियांच्या नोंदींकडे वळले. १९९१ मध्ये रॉबर्ट हान यांना अमेरिकी रुग्णालयांच्या नोंदींत दिसलं, की दोन्ही डोळ्यांनी पूर्ण अंध असलेल्या स्त्रियांत हा कर्करोग जवळजवळ निम्माच आहे. पुढे फिनलंडमध्ये तर दृष्टी जितकी अधू तितका धोका कमी, अशी उतरंडच आढळली.

यावर आक्षेप येणारच. अंध बाईचं आयुष्य अनेक बाबतींत वेगळं असतं, तिच्या तपासण्याही कदाचित कमी होत असतील. म्हणूनच २००९ मधला एरिन फ्लिन-इव्हान्स यांचा अभ्यास मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. त्यांनी तुलना केली ती अंध स्त्रियांचीच आपसांत. काहींना दिसत नव्हतं, पण खिडकी उघडलेली कळत होती; काहींना तेवढंही नाही. उजेड अजिबात न कळणाऱ्यांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण बरंच कमी निघालं.

अर्थात इथेही एक मेख आहे. उजेड जाणवत नाही असं सांगणाऱ्या ११ अंध व्यक्तींपैकी तिघांचं मेलाटोनिन प्रखर दिव्यानं घटलं, हे चार्ल्स चाइझलर यांनी १९९५ मध्येच दाखवलं होतं. त्यांतल्या दोघांचे डोळे झाकून पाहिले, तर ते घटलं नाही. दृष्टिपटलात फक्त उजेड टिपून मेंदूतल्या घड्याळाला कळवणाऱ्या वेगळ्या पेशी असतात, हे नंतर सिद्ध झालं. म्हणजे इथे नजर नव्हे, या पेशी शाबूत आहेत की नाहीत हे महत्त्वाचं.

डेव्हिड ब्लास्क यांचा २००५ चा प्रयोग आणखी थेट होता. निरोगी स्त्रियांचं रक्त तीनदा घेतलं: दिवसा, रात्री अंधारात, आणि रात्रीच पण दीड तास प्रखर दिव्यापुढे बसवल्यावर. मानवी स्तनाच्या कर्करोगाच्या गाठी उंदरांत वाढवल्या होत्या, त्यांतून हे रक्त खेळवलं. अंधारातल्या रक्तानं गाठींची वाढ मंदावली. दिव्यापुढच्या रक्तात तो गुण जवळपास उरलाच नव्हता.

तरीही घरातल्या दिव्यामुळे कर्करोग होतो, असं यातून कुणी काढू नये. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं शरीराचं घड्याळ बिघडवणाऱ्या रातपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवलं. उलट २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत रातपाळीचा स्तनाच्या कर्करोगाशी संबंध आढळला नाही. वाद मिटलेला नाही. पण रुग्णांच्या उशाशी रात्र जागणाऱ्या परिचारिकांनी तो मिटेपर्यंत थांबायचं का? डेन्मार्कनं वाट न पाहता, वर्षानुवर्षं रातपाळी करून हा आजार झालेल्या काही स्त्रियांना भरपाई दिली. त्या निर्णयाबद्दल पुढच्या आठवड्यात.