विशेष शाळेतील प्रशिक्षण : शिक्षकांचे आणि मदतनिसांचेही

शाळा म्हटली की फळा, पुस्तक आणि शिक्षक डोळ्यांपुढे उभे राहतात. विशेष शाळेचे चित्र मात्र याहून व्यापक आहे. बौद्धिक दिव्यांगत्व वा मेंदूचा पक्षाघात असलेल्या बालकासाठी आपल्या हाताने जेवणे, सदऱ्याच्या गुंड्या लावणे, लघवीची जाणीव होताच खुणेने सांगणे हाच अभ्यासक्रम असतो. हा अभ्यास वर्गात जेवढा होतो तेवढाच पंगतीत, स्वच्छतागृहात, वसतिगृहात आणि शाळेच्या गाडीतही होतो. तेथे बालकाजवळ असतात ते मदतनीस, स्वयंपाकी, काळजीवाहक आणि चालक. म्हणूनच विशेष शाळेतील प्रशिक्षणाचा विचार केवळ शिक्षकांपुरता करून भागत नाही.

कायद्याची चौकट

महाराष्ट्रात या कार्याची परंपरा जुनी आहे. मुंबईत १९४४ साली जय वकील शाळा आणि पुण्यात १९६४ साली कामायनी संस्था सुरू झाली. पुढे १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमाने विशेष शिक्षक, वाचा व श्रवणतज्ज्ञ आदी व्यावसायिकांचे शिक्षण आणि नोंदणी यांना कायद्याचा आधार दिला. नोंदणीकृत व्यावसायिकांचे ज्ञान अद्ययावत राहावे यासाठी परिषदेने निरंतर पुनर्वसन शिक्षणाचे कार्यक्रमही मान्य केले आहेत.

१९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ते २१ झाले. स्वमग्नतेचा समावेश त्यात प्रथमच झाला. यामुळे शिक्षकाने अनेक वर्षांपूर्वी घेतलेली पदविका आजच्या वर्गाला पुरेशी ठरेलच असे नाही. समावेशक शिक्षणाला साहाय्य करणाऱ्या व्यावसायिकांना व कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे हे याच अधिनियमाने शासनाचे कर्तव्य मानले आहे. मदतनीस किंवा स्वयंपाकी यांना मात्र परिषदेच्या नोंदणीची अट नाही. त्यांना शिकविण्याची जबाबदारी साहजिकच शाळेवर येते.

ज्ञानाअभावी होणारी हानी

ही जबाबदारी किती गंभीर आहे हे तीन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. मेंदूचा पक्षाघात असलेल्या बालकास आडवे ठेवून वा त्याची मान मागे झुकवून भरविल्यास घास श्वासनलिकेत जाऊन जीव गुदमरू शकतो. बालकास ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, लहान घास सावकाश द्यावयाचा असतो. हे पंगतीत वाढणाऱ्या मदतनिसास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

दुसरे उदाहरण आकडीचे. अशा अनेक बालकांना अपस्माराचाही त्रास असतो. आकडी येताच कांदा वा चप्पल हुंगविण्याची, दातांत चमचा घालण्याची समजूत अद्याप रूढ आहे. ती निरुपयोगी, प्रसंगी घातकही आहे. बालकास कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, हातपाय दाबून धरू नयेत, तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये आणि घड्याळाकडे लक्ष ठेवावे. आकडी ५ मिनिटांहून अधिक लांबल्यास वा पुनःपुन्हा आल्यास रुग्णालय गाठावे. गाडीच्या चालकासही हे माहीत हवे.

तिसरे उदाहरण सदऱ्याच्या गुंड्यांचे. शिक्षक या कामाचे लहान टप्पे पाडतो. आरंभी बाकी गुंड्या स्वतः लावून शेवटची तेवढी बालकाकडून लावून घेतो आणि मग एकेक गुंडी वाढवितो. वसतिगृहातील काळजीवाहकाने सकाळच्या घाईत सगळ्या गुंड्या आपणच लावल्या, तर वर्गातील श्रमांवर पाणी पडते. येथे दोष मायेचा नसतो. उणीव असते ती माहितीची.

प्रशिक्षण कसे असावे?

असे प्रशिक्षण केवळ व्याख्यानाने साधत नाही. ते शाळेतच, नेहमीच्या कामाच्या जागी, सोप्या मराठीत आणि प्रात्यक्षिकासह व्हावे. तज्ज्ञाने करून दाखवावे, कर्मचाऱ्याने त्याच्यासमोर करून पाहावे आणि काही दिवसांनी त्या कामाची पुन्हा पाहणी व्हावी. नव्या कर्मचाऱ्याकडे बालक सोपविण्यापूर्वी भरविणे, उचलणे, आकडीतील प्रथमोपचार आणि बालसंरक्षण एवढे विषय तरी त्यास शिकवावेत. प्रत्येक बालकाच्या वैयक्तिक शैक्षणिक योजनेतील चालू उद्दिष्ट संबंधित मदतनिसास समजावून सांगावे. मदतनिसाची निरीक्षणेही शिक्षकाने ऐकून घ्यावीत. बालक काय खाते, कशाने बिचकते हे पुष्कळदा त्यालाच आधी कळते.

राज्यात २०२२ साली स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला आहे. वाचा व श्रवणविषयक मार्गदर्शनासाठी मुंबईत १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था कार्यरत आहे. साधने उपलब्ध आहेत. त्यांचा लाभ शाळेच्या शेवटच्या कर्मचाऱ्यापर्यंत पोहोचविण्यासाठी वेळ आणि बदली माणूस यांची तरतूद मात्र व्यवस्थापनाला करावी लागेल.

तपासणीस जाणाऱ्या अधिकाऱ्यांनी हजेरीपट पाहावाच. परंतु जेवणाच्या सुट्टीतही तेथे थांबावे. भेटीस जाणाऱ्या पंचायत सदस्यांनी इमारतीबरोबर मदतनिसांच्या प्रशिक्षणाचीही चौकशी करावी. भरविणारा हात जाणता असेल, तरच एक दिवस बालक आपल्या हाताने घास घेऊ लागेल.