विश्लेषण : मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा खरी का वाटते?

कल्याणमधील एखाद्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘मुले पळवणारी टोळी आली’ असा संदेश पडला, की रोजचा फेरीवालाही संशयित वाटू लागतो. असे का होते?

राईनपाड्यात काय घडले?
१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात (ता. साक्री) याच संशयावरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. गावोगाव फिरून भिक्षा मागणे ही या समाजाची जुनी रीत.

व्हिडीओ कुठला होता?
तेव्हा देशभर फिरलेली एक चित्रफीत कराचीतील बालसुरक्षेच्या जाहिरातीची होती. मूल सुखरूप परत सोडल्याचा शेवट कापलेला होता.

विश्वास का बसतो?
मूल शाळेतून वेळेवर घरी आले, हे कोणी फॉरवर्ड करत नाही. एकच व्हिडीओ चार ग्रुपवर दिसला, की चार घटना घडल्यासारखे वाटते.

काय तपासावे?
जुलै २०१८मध्येच व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. संदेशावर दुहेरी बाण असेल, तर तो अनेक हातांतून आलेला आहे. ठिकाण, तारीख नसेल तर पुढे पाठवू नका. खरोखर शंका असल्यास ११२ क्रमांकावर कळवा.