अर्धवट सुटणारा क्लच आणि योसेफ स्टेफान

क्लचची लिव्हर पूर्ण ओढूनही इंजिनाची ओढ चाकापर्यंत पोहोचत राहते, पहिला गिअर टाकताच गाडी हिसका देते आणि सिग्नलला उभे असताना न्यूट्रल लागत नाही, तेव्हा क्लच अर्धवट सुटत आहे असे समजावे. क्लच घसरण्याच्या नेमका उलट असा हा दोष आहे. १९५५ पासून मद्रासला जुळणी होऊ लागलेल्या बुलेटचा क्लच तेलात चालणारा असल्याने, गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी हा दोष हटकून जाणवतो.

या क्लचमध्ये घर्षणाचे अस्तर असलेल्या आणि साध्या पोलादी प्लेटा आलटूनपालटून बसवलेल्या असतात व स्प्रिंगा त्यांना प्रेशर प्लेटमार्फत आवळून धरतात. लिव्हर ओढली की पुशरॉड, म्हणजे गिअरबॉक्सच्या पोकळ दांड्यातून जाणारी सळई, प्रेशर प्लेट उचलते. मात्र मधल्या प्लेटांना एकमेकींपासून ओढून काढणारे असे या रचनेत काहीच नसते. प्रेशर प्लेट दोन मिलिमीटर उचलली गेली आणि मध्ये आठ फटी आहेत असे धरले, तर प्रत्येक फटीच्या वाट्याला जेमतेम पाव मिलिमीटर येतो, आणि तोही वाटणी समान झाली तरच.

ती समान का होत नाही, याचे उत्तर व्हिएन्नाच्या योसेफ स्टेफान यांनी १८७४ मध्येच देऊन ठेवले आहे. उष्णताप्रारणाच्या नियमामुळे आणि बोल्ट्झमन यांचे गुरू म्हणून ते ओळखले जातात. त्यांचे हे दुसरे काम त्या मानाने फारच मागे पडले, आणि ते अन्यायाचे आहे. द्रवात बुडवलेल्या दोन सपाट तबकड्या चिकटल्यासारख्या वाटतात, पण त्या खऱ्या अर्थाने चिकटलेल्या नसतात, हे त्यांनी प्रयोगाने दाखवले: फट रुंदावायची तर द्रव कडेने आत शिरावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. ठरावीक वेगाने तबकड्या दूर करण्यास लागणारे बल द्रवाच्या दाटपणाच्या प्रमाणात, तर फटीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते; फट निम्मी झाली की बल आठपट होते. स्प्रिंगांनी रात्रभर पिळून काढलेला तेलाचा थर किती हट्टी होत असेल, ते यावरून कळते.

तबकड्या एकमेकींवर सरकवण्यास लागणारे बल मात्र फट निम्मी झाल्यावर दुप्पटच होते. म्हणून लिव्हर ओढून धरून, इंजिन सुरू करण्यापूर्वी दोनतीन किका मारण्याची जुन्या मेकॅनिकांची रीत भौतिकशास्त्राला धरून आहे: बुलेटची किक गिअरबॉक्समार्फत क्लचचा आतला हब, म्हणजे एकाआड एक प्लेटा ज्यावर बसतात तो भाग, फिरवते, उरलेल्या प्लेटा धरणारी बाहेरची बास्केट इंजिनाचे कॉम्प्रेशन अडवून धरते, आणि प्लेटा सरकून मोकळ्या होतात.

दोष इंजिन तापल्यावर नाहीसा होत असेल, तर संशय दाट तेलावर घ्यावा. गरम असतानाही तो टिकला, तर आधी केबलचा प्ले पाहावा, कारण तो जास्त असल्यास लिव्हरची हालचाल वाया जाते. मग झाकण काढून प्रेशर प्लेट सर्व बाजूंनी सारखी उचलली जाते का ते तपासावे, कारण एखादी स्प्रिंग कमजोर असेल तर प्लेट तिरकी उठते. वाकलेली पोलादी प्लेट काचेवर ठेवताच डुगडुगते, ती बदलावी. बास्केटच्या दातांत प्लेटांच्या कानांनी पाडलेल्या खाचा मात्र सर्वांत अधिक दुर्लक्षित राहतात, आणि त्यांत अडकलेली प्लेट कितीही चांगली असली तरी सरकत नाही. खाचा उथळ असतील तर कानशीने सपाट कराव्यात, खोल असतील तर बास्केटच बदलावी.