शेठजींची चोपडी आणि आपली वही

आपल्या बाजारच्या गावी मारवाडी शेठजींचे दुकान बहुधा असतेच. मुलूख कोरडा, पाऊस बेभरवशाचा. म्हणून त्यांचे पूर्वज राजस्थानातून इकडे आले. नातलगाच्या दुकानी राबून धंदा शिकले, मग स्वतःची पेढी घातली. घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि चोपडीत पैन्‌पैचा हिशेब!

याच चोपडीवरून एकदा वैर पेटले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी मारवाडी-गुजराती सावकारांची कर्जखते जाळली. कापसाचे भाव कोसळले होते, शेतसारा वाढला होता, आणि न वाचलेल्या कागदांवर अंगठे उठले होते. १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी सरकारला कायदा करावा लागला.

आज दुकानदाराचे आपल्यावाचून आणि आपले त्याच्यावाचून अडते. तेव्हा राग नको, हिशेब हवा. बियाण्याची पक्की पावती घ्या, तीवर लॉट नंबर आहे ना ते पाहा. पावतीच नसेल, तर बी न उगवल्यावर तक्रार कशाच्या आधारे करणार? उधारी त्याच दिवशी घरच्या वहीत शाळकरी मुलीकडून लिहून घ्या. दर महिन्याला दोन्ही वह्या शेठजींसमोर ताडून पाहा.