काटा चढतोय? आधी विचारा, कधी चढतो!

जुनी गाडी मोकळ्या रस्त्यावर गार आणि गर्दीत गरम होत असेल, तर अर्धं निदान तिनेच करून ठेवलेलं असतं. गॅरेजला जाण्याआधी ते समजून घ्या.

समजा, दत्तजयंतीचे दिवस आहेत. घरच्या जुन्या गाडीत मित्रांना कोंबून तुम्ही शहाद्याहून सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला निघालात. रस्ता मोकळा होता तोवर टेम्परेचरचा काटा मधोमध, एकदम शांत. यात्रेची गर्दी लागली, पुढे ट्रॅक्टर, बाजूला टेम्पो, गाडी पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या चालीने. आणि काटा लाल रेघेकडे सरकायला लागला. गर्दीतून बाहेर पडलात, दोन किलोमीटर पळवली, काटा पुन्हा खाली.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये तुम्ही काय सांगता? "गाडी गरम होते." बस्स. मग कुणी रेडिएटर बदलायला सांगतं, कुणी वॉटर पंप, कुणी थेट हेड खोलायला. कारण सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही सांगितलेलीच नसते. गाडी गरम होते, पण कधी?

आता म्हणाल, आम्ही कुठे मेकॅनिक आहोत? नसाच. पण विचार करा. मारुती 800 चं उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबलं. म्हणजे सगळ्यात नवी 800 सुद्धा आता म्हातारीच. आपला जिल्हा 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा झाला. नंबरप्लेटवर एमएच 39 ऐवजी एमएच 18 असेल, तर कदाचित तुमची गाडी जिल्ह्यापेक्षाही जुनी असेल! अशा गाडीत चुकीचा पार्ट बदलला, तर गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा एका बिलात जातो. धडगाव-मोलगीकडच्या एखाद्या घरात एकच जुनी जीप असेल, तर बाजाराला तीच, दवाखान्यालाही तीच. ती घाटात बंद पडणं म्हणजे फक्त पिकनिक चुकणं नव्हे.

हवा कमी की पाणी कमी?

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी साधारण तिसरा हिस्सा कूलंटवाटे बाहेर काढावा लागतो. पंप कूलंट फिरवतो, ते इंजिनातली उष्णता घेऊन रेडिएटरमध्ये येतं आणि तिथे हवा त्याला गार करते. म्हणजे दोन गोष्टी वाहत्या हव्यात, पाणी आणि हवा.

गाडी साठच्या स्पीडने पळते, तेव्हा समोरून हवा फुकटात मिळते. ट्रॅफिकमध्ये ती बंद होते आणि सगळा भार फॅनवर येतो. म्हणून गाडी फक्त हळू चालताना तापत असेल, तर पहिला संशय फॅनवर. उलट धुळे-सुरत हायवेवर मोकळ्या रस्त्यालाही काटा चढत असेल, तर हवा भरपूर आहे आणि पाणीच नीट फिरत नाहीये. मग रेडिएटर आतून चोंदलाय का, थर्मोस्टॅट अडकलाय का, पंप थकलाय का, ते बघायचं.

तिसरा प्रकार आपल्या घाटांचा. तोरणमाळ किंवा चांदसैलीचा घाट चढताना गाडी हळू असते, पण इंजिन जीव तोडून काम करतं. हवा कमी आणि उष्णता जास्त. फॅन चांगला असूनही गाडी फक्त घाटातच तापत असेल, तर रेडिएटरची ताकद कमी झाल्याची शंका घ्यायची.

घरच्या घरी तपासणी

इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे सकाळी, सुरू करा. क्रम महत्त्वाचा आहे, आधी फुकटातलं बघायचं.

पाणी बघा. रेडिएटर आणि बाटली, दोन्हीतली लेव्हल. सारखं कमी होत असेल, तर आधी गळती शोधा. बाकी सगळं नंतर.

जाळी बघा. आपल्याकडे धूळ आहे, कापसाचा भुगा आहे, शेतरस्त्यावरचा पाला आहे. हे सगळं रेडिएटरच्या बारीक पात्यांत जाऊन बसतं. एसीची गाडी असेल, तर एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत जास्तच. साध्या पाइपने, शक्यतो इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला पाणी मारा. सर्व्हिस सेंटरचा जोरदार फवारा नको, पाती वाकतात.

फॅन लागतो का बघा. एसी बंद ठेवून गाडी जागेवर पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा आणि काट्यावर नजर ठेवा. काटा मध्याच्या थोडा वर गेला की फॅन लागला पाहिजे, आणि काटा उतरला की बंद झाला पाहिजे. हात, ओढणी, मफलर लांब ठेवा. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही फॅन अचानक फिरतो. आणि काटा लालकडे निघाला तरी फॅन गप्पच असेल, तर गाडी बंद करा. उत्तर मिळालं.

फॅन लागला नाही तर? आता एसी लावून बघा. एसीवर तोच फॅन फिरला, तर मोटर ठीक आहे. संशय तापमान ओळखणाऱ्या थर्मो-स्विचवर आणि त्याच्या वायरिंगवर. काही गाड्यांत एसीचा फॅन वेगळा असतो, तेवढं आधी बघून घ्या. एसीवरही फिरला नाही, तर आधी फ्यूज, मग रिले, मग मोटर. फ्यूज किरकोळ पैशांत येतो. रेडिएटरचं बिल त्याच्या कित्येक पट असतं.

फॅन लागतो, तरी गाडी तापते? वहीचा एक कागद पुढच्या ग्रिलला बाहेरून लावा. फॅन बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या मागे असतो आणि हवा आत ओढतो, त्यामुळे कागद ग्रिलला चिकटला पाहिजे. कागद ढिम्म असेल, तर मोटर थकलीय किंवा फॅनभोवतीचं प्लॅस्टिकचं कव्हर गायब आहे. कागद बाहेर फेकला गेला, तर दुरुस्तीत वायरी उलट जोडल्या गेल्या असतील आणि फॅन उलटा फिरत असेल.

जुन्या जीपमध्ये फॅन बहुधा बेल्टवर चालतो. तिथे इंजिन बंद असताना बेल्टचा ताण बघा. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर तो साधारण एक सेंटीमीटर दबावा. फारच ढिला असेल, तर घसरतो.

छोटं झाकण, मोठं काम

रेडिएटरच्या झाकणाकडे कुणी बघतच नाही. ते आत दाब धरून ठेवतं. हवेच्या दाबापेक्षा एक बार जास्त दाब असला, तर साधं पाणी 120 अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर गेलं की ते शंभरलाच उकळणार. तोरणमाळ सुमारे 1,150 मीटर उंचीवर आहे, तिथे उघड्या भांड्यातलं पाणी 96 अंशांच्या आसपासच उकळतं. मग झाकण खराब असलेली गाडी वर पोहोचल्यावर का उकळते, ते कळेल.

जुगाडांपासून सावध

"थर्मोस्टॅट काढून टाकू" हा सल्ला हमखास मिळतो. पण दोष फॅनचा असेल, तर त्याने ट्रॅफिकमधला त्रास जात नाही. वर इंजिन गरजेपेक्षा थंड चालतं आणि मायलेज घटतं. दुसरा जुगाड म्हणजे फॅनला डायरेक्ट बटण. अडीअडचणीला ठीक, पण बटण दाबायला विसरलात की संपलं. तिसरा, कूलंटऐवजी बोअरचं पाणी. जड पाण्यातले क्षार आत थर धरतात आणि रेडिएटर हळूहळू बंद होतो. रस्त्यात नाइलाजाने भरलं, तर नंतर काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर भरा.

रस्त्यात काटा चढलाच तर

एसी बंद. हीटर असेल तर फुल्ल गरम आणि ब्लोअर जोरात. घाम निघेल, पण इंजिनातली उष्णताही निघेल. तरी काटा उतरत नसेल किंवा वाफ दिसली, तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा. झाकण किमान अर्धा तास उघडायचं नाही. आतलं उकळतं पाणी तोंडावर उडतं आणि गंभीर भाजतं. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो. "अजून पाचच किलोमीटर आहेत" म्हणून दामटवलेल्या गाडीचं हेड वाकतं, आणि शे-दोनशेच्या कामाचं बिल हजारोंत जातं.

सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर, ऑइलमध्ये चहासारखा दुधाळ रंग किंवा थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरमध्ये बुडबुडे, यांपैकी काही दिसलं तर घरचे प्रयोग थांबवा. हेड गॅस्केट गेल्याची ही लक्षणं असू शकतात. गाडी चालवत न्यायची नाही, ओढून न्यायची.

बाकी वेळी गॅरेजमध्ये असं सांगा: "मोकळ्या रस्त्यावर ठीक असते, गर्दीत तापते. पाणी कमी होत नाही. जागेवर फॅन लागत नाही, एसीवर लागतो." हे ऐकल्यावर चांगला मेकॅनिक थेट थर्मो-स्विचकडे जाईल. आणि कुणी तरीही आधी रेडिएटर बदलायला निघालाच, तर एवढंच विचारा, "का?" पार्ट बदललाच, तर जुना मागून घ्या.