आधी कोणता नियम?

लहानपणी मेंढीकोट खेळताना आमचं भांडण हटकून हुकमावरून व्हायचं. हुकूम एका पानात आधीच झाकून ठेवायचा, की कुणाकडे उतरलेल्या रंगाचं पान नसेल तेव्हा ठरवायचा? आत्याची मुलं एक सांगायची, मामाची दुसरं. निवाडा आजोबा करायचे आणि त्यांचं कारण एकच असायचं: ‘आपल्याकडे असंच खेळतात.’

बंगळुरूत नोकरीला आल्यावर मी असा खेळ पाहिला, जिथे ‘आपल्याकडे’ हा शब्द चालत नाही. शुक्रवारची संध्याकाळ, ऑफिसच्या बॅगा खुर्च्यांखाली, टेबलांवर प्लास्टिकच्या पाकिटांत घातलेली रंगीत कार्डं. बोलणं कन्नड, हिंदी, तमिळ, मराठी मिसळून. कार्डांवरची भाषा इंग्रजी. मधेच एक मुलगा हात वर करून म्हणतो, ‘जज!’ आवाजात राग नसतो. समोरच्यालाही राग येत नाही. दोघं हातातली कार्डं पालथी ठेवतात आणि थांबतात. या खेळातलं मला सगळ्यांत जास्त काय आवडलं असेल, तर ते थांबणं.

खेळाचं नाव मॅजिक: द गॅदरिंग. रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकी गणितज्ञानं तो रचला आणि विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीनं १९९३च्या ऑगस्टमध्ये बाजारात आणला. पहिल्या संचात तीनशेच्या आत कार्डं होती. आज वेगवेगळ्या कार्डांची संख्या पंचवीस हजारांच्या वर आहे. पत्त्यांच्या कॅटमध्ये बदामाची सत्ती सगळ्यांसाठी सारखीच. इथे प्रत्येकजण आपली गड्डी घरून जुळवून आणतो आणि बहुतेक कार्डांवर त्या-त्या कार्डाचा स्वतःचा नियम छापलेला असतो. दोन माणसं समोरासमोर बसली की १९९४ सालचं एक वाक्य आणि २००७ सालचं एक वाक्य अचानक शेजारी येतात. लिहिणाऱ्यांनी ती कधी एकत्र ठेवून पाहिलेली असतीलच असं नाही.

साधा प्रश्न आधी घेऊ. माझ्याकडे एक अस्वल आहे. ताकद दोन, सहनशक्ती दोन. तुम्ही त्याच्यावर ‘लाइटनिंग बोल्ट’ टाकलात. त्यानं तीन घाव बसतात. उत्तरादाखल मी ‘जायंट ग्रोथ’ टाकलं. त्यानं अस्वलाची ताकद आणि सहनशक्ती दोन्ही त्या पाळीपुरती तीन-तीननं वाढते. अस्वल वाचलं का? वाचलं, कारण शेवटी टाकलेलं कार्ड आधी फळाला येतं. कार्डं एकावर एक चवड लावावी तशी चढतात आणि वरून खाली उतरतात. आता क्रम उलटा करा. मी आधी ग्रोथ टाकलं आणि ते फळायच्या आत तुम्ही बोल्ट टाकलात, तर तीच कार्डं, तेच अस्वल, आणि अस्वल मेलं. या चवडीला खेळाडू ‘स्टॅक’ म्हणतात. ती १९९९ साली सहाव्या आवृत्तीच्या नियमांसोबत आली. त्याआधीचा हिशेब पुष्कळ गुंतागुंतीचा होता. बंगळुरूत ती समजावून सांगावी लागत नाही. संगणकाचे प्रोग्राम लिहिणारी माणसं हीच रचना रोज हाताळतात.

खरी कसोटी पुढे आहे. जमीन हा या खेळातल्या कार्डांचाच एक प्रकार; डोंगर आणि दलदल हे तिच्या मूळ प्रकारांतले. ‘ब्लड मून’ हे १९९४चं कार्ड म्हणतं, मूळ प्रकारच्या नसलेल्या सगळ्या जमिनी आता डोंगर आहेत. ‘उर्बोर्ग’ ही २००७ची जमीन म्हणते, प्रत्येक जमीन आपल्या प्रकारासोबत दलदलही आहे. पण उर्बोर्ग स्वतःही मूळ प्रकारातली नाही. दोन्ही पटावर असतील तर दलदल होणार की नाही? सर्वसाधारण नियम असा की एकाच पातळीवरचे दोन परिणाम भिडले तर ते आले त्या क्रमानं लावायचे, म्हणजे नंतर आलेल्याचं चालतं. उर्बोर्ग आधी आली असेल तर तिचं आधी लागून निदान मूळ प्रकारच्या जमिनींची दलदल व्हायला हवी. तरी ती होत नाही. ब्लड मून आधी लावला तर उर्बोर्गचा डोंगर होतो आणि तिची बोलण्याची शक्तीच जाते. उर्बोर्ग आधी लावली तरी ब्लड मूनचं काही बिघडत नाही. एकाचं असणं दुसऱ्यावर अवलंबून आहे, म्हणून इथे आल्या वेळेचा क्रम बाजूला ठेवतात आणि ब्लड मून आधी लावतात.

हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी उठून बसलो, कारण हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. पाणिनीचे दोन नियम एकाच शब्दावर येऊन आदळले तर कोणता लावायचा, यावर वैयाकरणांनी शतकानुशतकं विचार केला. काशीत राहिलेल्या नागेशभट्टांनी, म्हणजे अठराव्या शतकातल्या आपल्या काळे आडनावाच्या पंडितांनी, ‘परिभाषेंदुशेखर’ या ग्रंथात अशा नियमांच्या नियमांची चर्चा केली आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या कीलहॉर्ननं १८६८ ते १८७४ दरम्यान तो ग्रंथ इंग्रजी भाषांतरासह मुंबईतून प्रसिद्ध केला. त्यातली उतरंड अशी: आधीच्यापेक्षा नंतरचा नियम बलवान, त्याहून ‘नित्य’ बलवान, म्हणजे दुसरा नियम लागो न लागो, जो लागतोच, त्याहून ‘अंतरंग’, म्हणजे ज्याचं निमित्त दुसऱ्याच्या निमित्तांच्या आत येतं, आणि सगळ्यांवर अपवाद. ब्लड मून हा उघडउघड नित्य आहे. पाणिनीचं ‘नंतर’ ग्रंथातल्या जागेवरून ठरतं आणि मॅजिकचं घड्याळावरून, एवढा फरक मान्य. पण अपवादाचं आसन दोन्हीकडे तेच. कार्डावरचं वाक्य आणि नियमपुस्तक यांत विरोध आला तर कार्ड जिंकतं. आणि एक कार्ड ‘करता येतं’ म्हणालं, दुसरं ‘करता येत नाही’ म्हणालं, तर नकार जिंकतो.

हे सगळं सुमारे तीनशे पानांच्या नियमपुस्तकात क्रमांक घालून लिहिलेलं आहे आणि नवे संच येतात तसं ते बदलत राहतं. पण पुस्तकानं खेळ जगत नाही. बंगळुरूपासून फार दूर नसलेल्या म्हैसुरात राजे मुम्मडी कृष्णराज वडियारांनी एकोणिसाव्या शतकात ‘छद’ नावाचे गंजिफा पत्त्यांचे मोठे, अवघड खेळ रचले आणि ‘श्रीतत्त्वनिधी’त नोंदवून ठेवले. ते राजवाड्याबाहेर फारसे रुजले नाहीत. नियम टेबलापर्यंत आणणारी माणसं लागतात.

ती माणसं म्हणजे जज. परीक्षा देऊन ही पायरी मिळते. जजांची व्यवस्था आधी कंपनीच्या छायेत होती. २०१९ मध्ये ती जज अकॅडमी या वेगळ्या संस्थेकडे गेली, पुढे तीही बंद झाली. लहान दुकानात पुष्कळदा सगळ्यांत जास्त वाचलेला खेळाडूच हे काम करतो.

चांगला जज आल्याआल्या नियम सांगत नाही. आधी विचारतो, काय झालं? एकाचं पूर्ण ऐकतो, मग दुसऱ्याचं. दोघांच्या सांगण्यात फरक असेल तर त्याला निवाडा करावा लागतो तो घडलेल्या गोष्टीचा, आणि ते नियमापेक्षा अवघड. मग तो उत्तर देतो, तेही विचारलं तेवढंच. ‘मी आता काय करू?’ याला उत्तर मिळत नाही. तो सल्ला झाला. मोठ्या स्पर्धेत निर्णय पटला नाही तर मुख्य जजकडे दाद मागता येते आणि त्याचा शब्द अखेरचा. चूक एकच असली तरी अनवधानानं झाली तर ताकीद मिळते आणि जाणूनबुजून केली तर स्पर्धेबाहेर काढतात. या दोहोंतली रेषा हेतूची आहे आणि हेतू कुठल्याही कार्डावर छापलेला नसतो.

संगणकावरच्या मॅजिक अरेनात हे काहीच उरत नाही. तिथे यंत्र स्टॅक उतरवतं, क्रम लावतं, चुकीची चाल होऊच देत नाही. सोय मोठी आहे. नवे लोक त्यामुळेच खेळात येतात. पण तिथे कुणाला थांबून विचारावं लागत नाही आणि मला ती उणीव जाणवते.

गेल्या पावसाळ्यात मी एका टेबलाशी उभा होतो. समोर नवखी मुलगी होती, पहिल्या-दुसऱ्यांदाच आलेली. तिच्याशी खेळणारा मुलगा जिंकत होता. अचानक त्यानं स्वतःच हात वर केला. एका पाळीत एकच जमीन टाकता येते आणि त्यानं दोन टाकल्या होत्या. तिच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. आपल्या फायद्याची चूक दिसली तरी ती सांगायची, असा नियमच आहे. जज आला, क्रम विचारला, दोघांचं ऐकलं. दुसरी जमीन परत त्याच्या हातात गेली. मुलीनं विचारलं, ‘एकच का?’ आणि पुढची पाच मिनिटं तिघंही डाव बाजूला ठेवून त्यावरच बोलत बसले.